मार्थामावशीचा उपवास

राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात तेव्हा थोडी राख नेहमी पापण्यांवर पडते. मी ती झटकत नाही. तशीच बाकावर येऊन डोळे मिटून बसते आणि मला खडीचा धुरळा आठवतो. गुजरातमधल्या या शहरात येऊन मला बरीच वर्षं झाली. इथल्या चर्चमध्ये पंखे आहेत, फरशी गुळगुळीत आहे, माणसं हळू आवाजात बोलतात. पण या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ लागला, वेदीवर जांभळं कापड चढलं, दुपारचा वारा कोरडा झाला, की माझं मन इथं राहत नाही. ते श्रीरामपूरजवळच्या एका वस्तीत जाऊन बसतं. बहात्तरच्या दुष्काळातला उपवासकाळ मी तिथं काढला.

माझी शाळा सहावीत सुटली. त्यामुळे लिहायला बसले की आधी भीतीच वाटते. शब्द चुकेल, कुणाचा मान राहून जाईल, कुणाला वाईट वाटेल. तशी मला सगळ्याचीच भीती वाटते. घराबाहेर पडले की कुलूप लावलं का ते बघायला मी परत येते. बसमध्ये बसले की उतरेपर्यंत तिकीट मुठीत असतं. हा माझा जुना स्वभाव. त्या वर्षी मी देवाजवळ एकच मागत होते, की बाबा, माझा हा एवढा स्वभाव काढून घे.

आमचं गाव तिसगावच्या पुढं, कोरड्या माळावर. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला खाली श्रीरामपूरकडं जायचं. आम्हीही गेलो. पण त्या साली उसालाच पाणी नव्हतं, तोड लवकर उरकली. गावी परतावं तर विहिरींचे तळ दिसत होते. माझा नवरा, शांतवन, विहिरी खोदणाऱ्या टोळीबरोबर वैजापूरकडं गेला. मी आमच्या रूथला घेऊन मागं राहिले. ती तेव्हा पाच-सहा महिन्यांची, अजून बसायलाही लागली नव्हती. कालव्याच्या कडेला आमच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. एका कुटुंबानं मला पडवी दिली. जवळच दुष्काळी काम निघालं होतं, रस्त्यासाठी खडी फोडायचं.

त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे. दगडावर हातोडा बसला की एक जळका वास येतो. त्यात कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा गोडसर भाजका वास मिसळायचा. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना कडेनं तुटायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे व्हायचे. टँकरचं पाणी लोखंडासारखं लागायचं. कालवा कोरडा पडलेला, त्याच्या तळाला शेळ्या बसायच्या. एवढं असूनही त्या दिवसांची आठवण मला कडू लागत नाही, आणि ती का लागत नाही हे सांगायला मला मार्थामावशीबद्दलच सांगावं लागेल.

मार्थामावशी नक्की कुणाची मावशी होती हे मला कधी कळलं नाही. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची आणि सगळी वस्ती तिला टरकून असायची. उंच, हाडकुळी, हातात हिरव्या बांगड्या. भांडायला उभी राहिली की आधी पदर खोचायची, मग हळूच एक पाऊल मागं घ्यायची, आणि समोरच्याच्या आजोबापासून सुरुवात करायची. टँकरवाल्याशी भांडायची, एसटीच्या कंडक्टरशी भांडायची, कोंबडी दारात आली म्हणून कोंबडीच्या मालकिणीशी भांडायची. ती स्वतःच हसत सांगायची की पापनिवेदनाला गुडघे टेकले की मी तोंड उघडायच्या आधी फादर विचारतात, भांडणच ना? मग तिचं हसणं थांबायचं. एकदा भाकरी करताना ती मला म्हणाली होती, की तोंडातून शब्द सुटला की मलाच चटका बसतो, पण तोवर तो सुटलेला असतो.

वस्तीचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. दारात घंटेच्या जागी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. फादर वसईकडचे, फटफटीवर यायचे. त्या राखेच्या बुधवारी त्यांनी राख लावली आणि म्हणाले, यंदा तुम्हाला मी अन्नाचा उपवास सांगणार नाही, तुमचा तो पावसाळ्यापासूनच चालू आहे. लोक हसले. मग ते म्हणाले की यंदा पोटाला सोडा, स्वभावाचा उपवास करा. आपल्या स्वभावातलं जे देवाला बघवत नसेल, ते ईस्टरपर्यंत सोडून बघा.

वस्तीची एक रीत होती. उपवासकाळात जे सोडायचं ते देवळाबाहेर, सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. चारचौघांत बोललेलं पाळावंच लागतं. कुणी तंबाखू सोडली. बायांनी मिश्री सोडली. एका म्हाताऱ्यानं सिनेमा सोडला, त्यावर लोक म्हणाले, बाबा, तुमी टॉकीजमदी पाय कवा टाकला होता? मग मार्थामावशी पुढं आली आणि म्हणाली, "म्या भांडान सोडलं."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग हसण्याची लाट उठली. तिचे मालक, पेत्रसबाबा, फार कमी बोलणारे. ते डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "मंग मला घरात करमायचं कसं?" मागून एक बाई म्हणाली, मावशी गप बसली तर टँकर आपल्या वस्तीत वळंल का. त्यावरही सगळे हसले. मी मात्र हसले नाही. मला तिचा हेवा वाटला. मलाही उठून सांगायचं होतं की मी भीती सोडते, पण चारचौघांत बोलायचीच भीती वाटली.

आणि तिनं खरंच पाळलं. कोंबडी दारात आली, तिनं हुसकली नाही. टँकरवाल्यानं अर्धंच पाणी सोडलं, ती घागर घेऊन परत फिरली. बाया आधी कौतुक करायच्या, मग गमतीनं डिवचायला लागल्या. ती ओठ मिटून घ्यायची आणि तिच्या गळ्याची शीर तेवढी वर-खाली व्हायची. पेत्रसबाबा म्हणायचे, घरात एवढी शांतता हाय की मला माझंच घोरनं ऐकू येतं.

कामावर सावली म्हणाल तर एकच होती. माळावर एक जुना कडुलिंब. त्याच्या फांद्यांना आम्ही लेकुरवाळ्या बायांनी झोळ्या बांधल्या होत्या. खडी फोडता फोडता मान वर केली की झोळ्या हलताना दिसायच्या. एप्रिल जवळ आला तसं ऊन वाढलं, दगड हाताला भाजायला लागले, पण लिंबाखाली गार असायचं. तेवढ्या गारव्यावर आमची मनं दिवसभर टिकायची.

एक दिवस मुकादमानं सांगितलं की मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. मुकादम माणूस तसा वाईट नव्हता. त्याला साहेबांची भीती होती, आणि भ्यालेला माणूस मला लगेच ओळखू येतो. त्यानं लिंबाखालची जागा झाडून घेतली, कुठूनसं टेबल आणलं, खुर्ची आणली, खुर्चीवर धुतलेला टॉवेल टाकला. मग म्हणाला की झोळ्या सोडा. साहेब बसले आणि त्यांच्या डोक्यावर पोरांची मुताची फडकी लोंबली तर माझं काय व्हईल?

सगळ्या बायांनी मार्थामावशीकडं पाहिलं. तिनं पदर खोचला. एक पाऊल मागं घेतलं. बाया सरसावल्या. आणि मग काय आठवलं कुणास ठाऊक, तिनं खोचलेला पदर सोडला, खाली बसली आणि हातोडा उचलला. आम्ही झोळ्या सोडल्या, खडी वाहायच्या पाट्या उभ्या करून त्यांवर लुगडी टाकली आणि त्या हाताएवढ्या सावलीत पोरं निजवली.

साहेब त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. पण सावली त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. आम्ही उन्हात, पोरं उन्हात, आणि लिंबाच्या गार वाऱ्यात एक रिकामी खुर्ची. मार्थामावशीचा हातोडा त्या दोन दिवसांत इतका जोरात चालला की तिच्या पुढ्यात सगळ्यांहून मोठा ढीग झाला.

मी सारखी उठत होते. सावली सरकली की पाटी सरकवायची, रूथच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायचा, परत यायचं, परत उठायचं. मुकादम ओरडला. शेजारची सरूबाई म्हणाली, "अगं, किती डाव उठशील? पोरगी काय पळून चालली का?" बाया हसल्या. मलाही लाज वाटली. पण शुक्रवारी दुपारी मी पुन्हा उठलेच. रूथ झोपलेली दिसत होती. तिच्या मानेला हात लावला तर घाम नव्हता. अंग तव्यासारखं, ओठ सुकलेले, टाळू आत गेलेली. हलवलं तर डोळे अर्धेच उघडले, रडली नाही. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. एवढं आठवतं, की बाकी सगळ्यांच्या आधी मार्थामावशी येऊन तिच्याजवळ बसली होती. तिनं स्वतःच्या पिण्याचं पाणी पदरावर ओतलं आणि पोरीला त्यात गुंडाळलं. कुणीतरी भाकरीबरोबरचा कांदा फोडून तळपायाला चोळला. दगड घेऊन आलेला ट्रक मुकादमानंच धावत जाऊन थांबवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

श्रीरामपूरला दवाखान्यात एक सिस्टर होत्या. त्यांनी ओल्या कापडानं पोरीचं अंग पुसलं, चमच्या-चमच्यानं पाणी दिलं. बऱ्याच वेळानं रूथ रडली. असं सुंदर रडणं मी नंतर कधी ऐकलं नाही. सिस्टरांनी विचारलं, आधी कुणाच्या लक्षात आलं? मार्थामावशी म्हणाली, हिच्याच, ही लई भित्री हाय. सिस्टर माझ्याकडं बघून म्हणाल्या, बरं झालं. आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं.

संध्याकाळी वस्तीत परत आलो तेव्हा देवळात क्रूसाची वाट ही शुक्रवारची प्रार्थना चालू होती. लोक एकेका ठिकाणी गुडघे टेकून पुढं सरकत होते. मार्थामावशी आत गेली नाही. दारात, त्या रुळाच्या तुकड्याखाली, मातीत बसली. मी पोरीला मांडीवर घेऊन तिच्या शेजारी. प्रार्थना झाल्यावर फादर बाहेर आले. त्यांना सगळं कळलं होतं. मावशी वर न बघता म्हणाली की मी देवाला दिलेला शब्द पाळला आणि लेकराला ऊन लागलं. आता सांगा, ह्यात पाप कोणतं?

फादर तिच्यासमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही भांडण सोडलंत. बोलणं सोडायला कुणी सांगितलं होतं?"

"मला त्ये दोन येगळं येतच न्हाई, फादर. तोंड उघडलं की शिवीच येती."

"मग ईस्टरपर्यंत तेवढंच शिका."

ती उठून आत गेली आणि रिकाम्या देवळात एकटीच गुडघे टेकून राहिली. पेत्रसबाबा कंदील घेऊन बाहेर तिची वाट बघत उभे होते.

सकाळ झाली. पोरीला वस्तीवर ठेवावी तर बघायला कुणी नाही, सगळी माणसं कामावर. मी घरी राहावं तर धान्य नाही, सुकडी नाही. कामावर न्यावी तर ते ऊन. लिंबाची सावली मिळते की नाही, यावरच पोरीचं सगळं होतं. मी तिला पाठीशी बांधली आणि निघाले. मार्थामावशी माझ्यापुढं चालत होती. तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करते आहे असं मला वाटलं. नंतर तिनंच सांगितलं, की शिव्या एकेक करून आधीच बाहेर काढत होते, म्हणजे तिथं गेल्यावर एकही उरायची नाही.

माळावर पोचल्यावर ती सरळ मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. तो दचकून मागं सरला. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की जी बाई शिवीगाळ करील तिला कामावरून काढीन. बाया हातोडे धरून थांबल्या. मावशीनं पदर खोचला नाही. हात पाठीमागं घेऊन एकमेकांत घट्ट धरले होते. मी मागं उभी होते, मला ती बोटं दिसत होती. ती बोलली तेव्हा आवाज इतका खाली होता की मुकादमाला पुढं वाकावं लागलं.

"भाऊ, खुर्चीला ऊन लागत न्हाई. लेकरांला लागतं."

मुकादम म्हणाला, मला का कळत नाही? पण साहेब रागावले तर माझी नोकरी जाईल.

"मंग माझं नाव सांगा," मावशी म्हणाली. "म्हना, मार्था नावाची एक कजाग बाई हाय, तिनं झोळ्या बांधल्या, कुनाचं ऐकत न्हाई. साऱ्या तालुक्याला पटंल."

मुकादम तिच्याकडं बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. काल ट्रकमागं धावलेला माणूस होता तो. त्यानं स्वतःच्या हातानं टेबल उचलून उन्हात ठेवलं. खुर्ची तेवढी बुंध्याशी राहू द्या म्हणाला. आम्ही झोळ्या बांधल्या. रूथची सगळ्यांत खालच्या, दाट फांदीला.

मी पुष्कळदा विचार करते त्या क्षणाचा. आयुष्यभर जे नाव तिला चिकटलं, ज्याची लाज तिनं पापनिवेदनात पुन्हा पुन्हा सांगितली, तेच नाव तिनं काढून दुसऱ्याच्या बचावाला दिलं. मी समजत होते की देव धोब्यासारखा असतो, डाग धुऊन टाकतो. पण डोंगरातला दगड आम्ही फोडून रस्त्यावर पसरत होतो ना, तो दगड काही नाहीसा होत नव्हता. ज्याची ठेच लागायची त्याच्यावरूनच पुढं गाड्या जाणार होत्या. देवानं मार्थामावशीचं तोंड बंद केलं नाही. त्यानं ते वळवलं. आणि वळताना तिला किती दुखलं, ते पाठीमागची ती बोटं मला सांगत होती.

साहेब पुढच्या आठवड्यात आले. झोळ्यांकडं बघत उभे राहिले. मग ते मुकादमाला म्हणाले की पोरांची सोय छान केलीत, तुम्हाला सुचलं हे चांगलं झालं. मुकादमानं मान खाली घातली आणि "होय साहेब" म्हणाला. मार्थामावशीचं नाव त्यानं घेतलं नाही. बायांचे हातोडे थांबले. सरूबाई कुजबुजली, आता उडतोय भडका. मावशीच्या गळ्याची शीर वर आली. मग तिनं झोळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "घेऊ दे त्याला नाव. सावली आपल्याकडं हाय." आणि दगडावर हातोडा मारला.

मार्थामावशी संत झाली असं मी लिहिलं, तर ती थडग्यातून उठून माझ्याशी भांडेल. ईस्टरच्या संध्याकाळीच तिचं आणि पेत्रसबाबांचं कोंबड्यांच्या खुराड्यावरून वाजलं, आणि अख्खी वस्ती ते दाराआडून समाधानानं ऐकत होती. पण भांडता भांडता ती मध्येच थांबायची, हात पाठीमागं न्यायची, आणि पुढचं वाक्य खालच्या आवाजात यायचं. हे तिला शेवटपर्यंत शिकावं लागलं असं मी नंतर ऐकलं. एका उपवासकाळात पुरं होणारं ते काम नव्हतं.

ईस्टरला शांतवन आला. विहिरीला थोडं पाणी लागलं होतं, त्याच्या अंगाला अजून ओल्या मुरुमाचा वास होता. निघायच्या दिवशी मी मार्थामावशीच्या पाया पडले आणि मनातलं सांगितलं, की पुढच्या वर्षी मीही चारचौघांत बोलणार, भीती सोडते म्हणून. तिनं रूथला माझ्याकडून घेतलं, तिच्या टाळूवर तेल थापलं, आणि मला रागावली. त्या दिवशी तू घडी-घडी उठली नसतीस तर ही आज माझ्या हातात असती का, असं तिनं विचारलं. "आमी समद्या धीट हुतो. आमाला दिसलं न्हाई. तू भ्याली, तुला दिसलं. त्ये भ्या सोडू नगंस, बाई. त्याला देवाच्या कामाला लाव."

मी तेव्हा फक्त रडले. अर्थ कळायला फार वर्षं गेली. किती वर्षं मी त्या भीतीला फक्त माझ्याच घराभोवती फिरवत राहिले.

रूथ आता इथल्या इस्पितळात नर्स आहे. शांतवन गेल्यापासून मी तिच्याजवळ राहते. आमच्या आवारात नर्सबायांची घरं आहेत. बहुतेक तरुण पोरी, कुणी केरळची, कुणी डोंगराकडची, सगळ्या घरापासून लांब. रूथची ड्युटी सुटायच्या वेळेला मी फाटकाशी जाऊन उभी राहते. आधी ती चिडायची, आई, मी काय लहान आहे? मी म्हणायचे, नाहीस गं, पण मला बसवत नाही. मग हळूहळू तिच्याबरोबरच्या पोरीही मला दिसायला लागल्या. एकीचा चेहरा उतरलेला असायचा, एक लंगडत यायची, एक आलेलीच नसायची. ज्या आल्या नाहीत त्यांच्यासाठीही माझा पाय तिथंच अडकायला लागला. एकदा मी त्यातल्या एकीला विचारलं, तुला ताप आहे का? तिनं नाही म्हटलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिला खरंच ताप होता.

यंदा राख लावून आले त्या दुपारी मी फाटकाशी उभी होते. भीती होतीच, नेहमीसारखी. कोपऱ्यावरच्या घरातली नवी मुलगी पहिल्यांदाच ड्युटीवर निघाली होती, तिचं नावही मला नीट माहीत नव्हतं. ती थोडी पुढं गेली, थांबली, परत आली आणि मोडक्या हिंदीत मला म्हणाली, "आंटी, मैं रात को नौ बजे छूटेगी."